हवालदार नानासोंची गिनती

नानासो विरकर गिनती झाल्याशिवाय चहाला तोंड लावत नाहीत. फौजेत रोज संध्याकाळी अख्खी कंपनी उभी करून माणसं मोजतात, त्याला ते गिनती म्हणतात आणि मोजून भरलेल्या माणसांना नफरी. पेन्शन घेऊन म्हसवडजवळच्या गावी आले तरी सवय सुटली नाही. त्यांच्या घरच्या रंगूबाई चारचौघांत सांगतात, "दोन म्हशी हायत्या आमच्या. रोज मोजल्या तरी दोनच भरत्यात. पर ह्या मानसाला बोट दावून मोजल्याबिगर चैन न्हाई."

हसायला सोपं आहे. मीही हसायचे, मग त्यांच्याकडूनच ती बर्फातली गोष्ट कळली आणि हसणं थांबलं. नानासो सिग्नलचे हवालदार, तारा ओढायचं काम. वर सीमेवर एका संध्याकाळी नफरीत एक जवान कमी भरला. साहेब म्हणाले, असेल लंगरमध्ये, जेवून घ्या. नानासो जेवले नाहीत. बॅटरी घेऊन निघाले, तर तारेचं भेंडोळं खांद्यावर घेतलेला तो पोरगा एका घळीत पडलेला. जिवंत. "पुकारलं म्हनून घावला ताई," एवढंच ते म्हणतात. पुढचं काही सांगत नाहीत.

असला माणूस आमच्या साताऱ्याच्या ऑफिसात कसा आला, तर घरी बसून राहणार नाही म्हणून भांडून आला. ऑफिस म्हणजे पिठाच्या गिरणीवरच्या दोन खोल्या. काम डोंगरराखणीचं. कोयनेच्या खोऱ्यात ज्या वाड्यांच्या माथ्यावर जमिनीला भेगा पडल्यात, तिथं आम्ही खांबावर कॅमेरे बसवलेत. कॅमेरा फोटो काढतो, सिमकार्डावरून साताऱ्याच्या मशीनला पाठवतो आणि ते स्वतःतून पुसून पोट रिकामं करतो. सातारचं मशीन ते फोटो सांगलीच्या साठवणीत लिहितं. पूर्वी सगळं एकाच डिस्कवर होतं. ती बसली आणि एका वाडीचा अख्खा पावसाळा गेला. पुरावा मागायला बसलेल्या साहेबासमोर आम्ही रिकाम्या हातानं उभे. साहेब म्हणाले, फोटो नाही म्हणजे भेग नाही. त्या दिवशी मी जे बोलले ते इथं छापता येणार नाही.

त्यानंतर सांगलीच्या रूपाली पाटीलनं तीन मशीनची साठवण उभी केली. फाईल तिन्हीत वाटून राहते, एक मेलं तरी उरलेली दोन सांभाळतात. तिचे वडील पायगोंडा पाटील हळदीचे व्यापारी, गोडाऊनवरची खोली त्यांनी फुकट दिली. मशीन उघडलं की पंख्यातून पिवळी धूळ निघते. आणि ह्या साठवणीची राखण करायला साताऱ्यात नानासो. त्यांनी पहिल्याच महिन्यात एक प्रोग्रॅम लिहिला, पुस्तकात बघून, एका बोटानं टाइप करत. सकाळ-संध्याकाळ तो साठवणीतल्या एकेक फाईलीचं नाव पुकारायचा. आहे का? केवढी आहे? कालच्या एवढीच आहे ना? त्या प्रोग्रॅमचं नाव त्यांनी गिनती ठेवलं. एकही फोटो गहाळ झाला तर त्याच दिवशी कळेल. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. का नाही वाजवायच्या?

आता त्या जुलैतल्या सकाळचं सांगते.

कातळवाडीचा कॅमेरा गप्प झाला. खोऱ्यात पाऊस नुसता ओतत होता, डोंगर धुक्यात बुडालेला. कातळवाडी म्हणजे उतारावर एकाखाली एक घरांच्या ओळी, आणि सगळ्यांत वरच्या ओळीत अंबूबाईचं घर. अंबूबाई हलली तर वाडी हलते, ती बसली तर वाडी बसते. मी फोन लावला, तिच्या नातसुनेनं, अंकितानं, उचलला आणि म्हातारीच्या कानाला लावला.

"आक्का, वरचा कॅमेरा बंद झालाय. वाडी खाली करा. शाळेत चला."

"कोन? ताई व्हय? ऐका. गेल्या साली बी तुमचा क्यामेरा बंद पडला, तवा भर पावसात आमाला शाळंत न्हेऊन कोंबलं. आन निगालं काय? वानरानं तार तोडली हुती! माझी गाभन म्हस चिखलात घसरून मेली. आवंदा आदी बगा, वानर हाय का डोंगर. मग बोला."

"बघेपर्यंत डोंगर थांबला नाही तर?"

"मग तुमी या हितं ऱ्हायाला. चूल पेटवून ठिवती."

फोन बंद. मी तिला दोष देत नाही. म्हैस तिची मेली होती, माझी नाही. तहसीलला फोन केला, तर तिथला माणूस म्हणतो, लोक येत नसतील तर आम्ही काय उचलून आणू? वर माणूस पाठवावा, तर डोंगर खरंच सरकत असला तर त्या माणसाला आपणच मारला. म्हणजे एकच वाट उरली. कॅमेरा मरण्याआधी त्यानं शेवटचं काय पाहिलं, ते बघायचं.

आणि फोटो उघडेनात.

नानासो मशीनसमोर ताठ बसलेले. पडद्यावर वर्तुळ फिरतंय, फिरतंय आणि गोठतंय. फक्त कातळवाडीचे नाही, कुठलेच फोटो उघडत नव्हते. वरच्या कोपऱ्यात एक नारिंगी इशारा. इंग्रजीतला, पण अर्थ असा की एक क्लायंट कॅशचा दाब मानत नाही.

सांगलीला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. रूपाली नोकरीवर रजा टाकून गोडाऊनवर जाऊन बसली होती. मागं हमालांचा आरडाओरडा.

"ही दाबाची काय भानगड आहे गं?" मी विचारलं.

"ताई, इथलं मुख्य मशीन सगळ्या फायलींची नावं डोक्यात ठेवतं, आणि कुठली कुणाच्या हातात आहे तेही. ते डोकं म्हणजे कॅश. डोकं भरलं की ते बाहेरच्या मशीनना, म्हणजे क्लायंटना सांगतं, नको असलेलं सोडा. बाकीचे सोडतात. एक सोडत नाही. म्हणून सगळ्यांचं अडलंय."

"कुठला तो एक?"

"साताऱ्याचा. तुमचाच."

नानासो खुर्चीत पुढं सरकले. "माझं मशीन? हितं एक फाईल उगडी न्हाई, पोरी. नीट बग."

"बघितलं काका. उघडी एक नाही, पण धरलेल्या लाखांनी आहेत."

"आसं हुनार न्हाई."

"आसं झालंय काका!"

मग सुरू झाली तपासणी. रूपालीला आधी वाटलं लाइन मंद आहे. सोडा म्हणून निरोप जातोय, पण साताऱ्याला पोचत नाही. नानासोंनी लाइन तपासली, ठणठणीत. मग तिला वाटलं आमच्या मशीनची यंत्रणा जुनी आहे, जुन्यात असा दोष असायचा. नानासोंनी आवृत्तीचा आकडा वाचून दाखवला, गेल्याच महिन्यात नवी घातली होती. मग तिनं मुख्य मशीनला आणखी मेमरी दिली. इशारा गेला. मी खुर्चीतून उठले. फोटोचा वरचा पट्टा पडद्यावर उतरायला लागला, राखाडी आभाळ, आणि तिथंच गोठला. इशारा परत आला.

"दिलेलं सगळं खाल्लं," रूपाली म्हणाली. "तुमचं मशीन नुसतं धरून बसलं नाही ताई, ते अजून मागतंय."

"मग काहीतरी कर ना! तिकडं माणसं डोंगराखाली बसलीत आणि तू मला डोकं आणि मेमरी सांगतेस!"

"ताई, तुम्ही ओरडलात की मला पडद्यावरचं वाचता येत नाही. ओरडायचं तर खाली जाऊन ओरडा."

तिच्या जागी मी असते तर फोन आपटला असता. ती आपटत नाही. सांगलीचं पाणी.

अंकिताचा फोन आला. आवाज दबका, म्हातारीला कळू नये असा. "ताई, झऱ्याचं पानी लाल यायला लागलंय. लय गढूळ." मागनं अंबूबाई करवादली, "आगं पावसुळ्यात पानी लालच येतंय! काय भ्या घालतीस तिला!" झऱ्याचं पाणी अचानक गढूळ होणं म्हणजे डोंगर आतून सुटू लागलाय, हे ह्या खोऱ्यात काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. म्हातारीलाही ठाऊक होतं. पण गेल्या सालची म्हैस तिच्या छातीवर बसली होती.

"एक उपाय आहे," रूपाली म्हणाली. "सातारच्या मशीनला साठवणीतून हाकलते. मिनिटात सगळं मोकळं होईल."

"हाकल," मी म्हटलं.

"थांब!" नानासोंचा आवाज इतका मोठा मी कधी ऐकला नव्हता. खालची गिरणीही दचकली असेल. "हाकलल्यावर माज्या मशीनच्या पोटात जे लिवायचं ऱ्हायलंय, त्येचं काय?"

"ते जातं काका. हाकललेल्याचं अर्धवट लिहिलेलं कुणी घेत नाही."

आता मला उमगलं. कॅमेऱ्यानं शेवटचे फोटो पाठवले आणि आपलं पोट रिकामं केलं. आमच्या मशीननं ते घेतले, पण सांगलीचं दार तुंबलेलं, म्हणून ते पूर्ण लिहून झाले नाहीत. म्हणजे डोंगरानं शेवटी दाखवलेलं सगळ्या जगात फक्त एका ठिकाणी होतं, त्या टेबलावरच्या डबड्याच्या मेमरीत. आणि तेच डबडं सगळ्यांना अडवून बसलेलं. हाकललं तर जुने फोटो दिसतील, शेवटचे जातील. नाही हाकललं तर काहीच दिसणार नाही.

"मशीन बंद करून चालू केलं तर?" माझा हात आपसूक मागच्या बटणाकडं गेला.

नानासोंनी तो हात मनगटात धरला. "ताई, त्या बटनाला हात लावला तर बाईमानूस हाय का पुढारी हाय, काय बगनार न्हाई. वीज गेली की पोटातलं गेलं."

"सोडा माझा हात."

सोडला. दोघंही एकमेकांकडं बघेनात.

"काका," रूपाली म्हणाली, "तुमच्या मशीनवर ह्या घटकेला जे जे चालू आहे ते मला वाचून दाखवा. सगळं. गाळू नका."

नानासो वाचायला लागले. मी त्यांच्या खांद्यामागं उभी. मी कॉम्प्युटर शिकले तो लोकांच्या शिव्या खात, सायबर कॅफेच्या बाकड्यावर. पण यादी वाचता येते मला. नानासो एका ओळीवरून खालच्या ओळीवर गेले आणि मधल्या ओळी सोडून दिल्या. चोरून नाही. श्वास घेताना आपण श्वास मोजत नाही, तसं.

"हे काय?" मी बोट ठेवलं. "गिनती. खाली परत गिनती. आणि ही तिसरी."

"ती गिनती हाय ओ. तिचा काय संबंद? ती काय धरती? नुसतं नाव पुकारती आन फुडं जाती."

"किती गिनत्या चालू आहेत काका?" रूपालीचा आवाज बदलला.

"आजची सकाळची. कालची सांजची. आन..." ते थांबले. "कालची सकाळची आजून संपली न्हाई जनू."

फोटो वाढत गेले होते. पाऊस सुरू झाल्यापासून सगळे कॅमेरे दाटीनं फोटो काढत होते. सकाळची गिनती संध्याकाळपर्यंत पुरी होईना, आणि वेळ झाली की दुसरी आपोआप उभी राहायची. तीन हवालदार एकाच कंपनीची नावं एकदम पुकारत सुटले होते.

"काका, ऐका," रूपाली हळू बोलत होती, तापानं फणफणलेल्या लहान भावाशी बोलतात तसं. "तुम्ही नुसतं नाव पुकारलं तरी इथलं मशीन ती फाईल तुमच्या नावावर मांडून ठेवतं. उद्या ती बदलली तर तुम्हाला कळवायचं म्हणून. पुकारली की धरली. ते म्हणतं सोडा, आणि तुमच्या तीन गिनत्या परत पहिल्यापासून धरतात. त्या बंद करा. आत्ता."

नानासोंनी कीबोर्डवरचे हात काढून मांडीवर ठेवले.

"आर्धी गिनती मी कवाच सोडली न्हाई."

"काका..."

"बर्फात सोडली न्हाई. साब म्हनला जेव, तरी सोडली न्हाई. आन तू म्हंतीस नाव पुकारल्यानं मानसं मरत्यात?"

माझा संयम तिथंच संपला. "नानासो, कातळवाडीची नफरी मोजायचीय का फायलींची? एक सांगा! कारण दोन्ही आज भरत नाहीत!"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. जणू मी कुणी दुसरीच बाई होते आणि त्यांना माझं नाव आठवत नव्हतं. मग ते पडद्याकडं वळले आणि एका बोटानं टाइप करायला लागले. पहिली गिनती थांबली. दुसरी थांबली. तिसरी थांबेना, मुख्य मशीनच्या उत्तराची वाट बघत अडकलेली. त्यांनी परत हुकूम दिला. परत. मग तीही गेली.

"आता क्रम चुकवू नका," रूपाली म्हणाली. "आधी पोटात लिहायचं राहिलंय ते इकडं ढकला. ते पोचलं असं मी म्हटल्यावरच हातातलं सोडायचा हुकूम द्या. मी इकडं आपोआप हाकलायची सोय बंद केलीय, पण मुख्य मशीन दमलंय. ते मध्येच पडलं तर माझ्या हातात काही नाही."

नानासोंनी ढकलायचा हुकूम दिला. पडद्यावर काळी ओळ आणि काही नाही. लुकलुकणारी खूणसुद्धा नाही. खाली गिरणी घरघरतेय, कुणीतरी ज्वारी चांगली बारीक दळ म्हणून भांडतंय. मी अंकिताला फोन लावला, लागला नाही. परत लावला. लागला नाही. नानासोंच्या कपाळावरचा घाम नाकावरून कीबोर्डवर पडला, पुसलाही नाही त्यांनी. तारेला कान लावून पलीकडचा आवाज यायची वाट बघत असावेत तसे बसले होते.

"आले!" रूपाली ओरडली. मला ओरडू नको म्हणणारी पोरगी गोडाऊन दणाणून ओरडली. "कातळवाडीचे आले काका! सोडा आता!"

त्यांनी सोडायचा हुकूम दिला. तिकडं ती आकडा उतरताना वाचत होती, इकडं नारिंगी ओळ विझली.

फोटो उघडले. सकाळचे, ओळीनं. पहिल्यात डावीकडं काळा कातळ, उजवीकडं फणस, मध्ये भेग. दुसऱ्यात तेच. तिसऱ्यात काहीतरी खटकलं, काय ते कळेना. चौथ्यात दिसलं. कातळ जागच्या जागी सरळ आणि फणस कलंडलेला. कॅमेऱ्याचा खांब हलला असता तर दोन्ही कलंडले असते. हलली होती ती फणसाखालची जमीन. शेवटच्या फोटोत फणस निम्मा फ्रेमबाहेर आणि कोपऱ्यात नुसता लाल चिखल.

वानर नव्हतं.

फोटो अंकिताला पाठवले. पोचले का, पाहिले का, काही कळेना. मग फोन वाजला. अंबूबाईच स्वतः.

"ह्यो फनस माज्या सासऱ्यानं लावल्याला," ती म्हणाली. "त्यो आसा कवा वाकला?"

"आज सकाळी, आक्का," नानासो म्हणाले. त्यांनी फोन माझ्या हातातून काढून घेतला होता.

"तुमी कोन?"

"हवालदार विरकर."

"फौजी, खरं सांगताय न्हवं?"

"खरं, आक्का. माज्या मशीननं रोकून धरलं हुतं म्हनून उशीर झाला. आता थांबू नका."

ती पुढं आमच्याशी बोललीच नाही. फोन तसाच चालू राहिला आणि तिचा आवाज लांब जात गेला. "ये अंकिता, दावी सोड गं! म्हशी फुडं घाल! आरं खालच्या वळीतल्यांनो, काय बगताय, निगा! भांडी ऱ्हात्यात तर ऱ्हाऊ दे, निगा!" मग थाळी बडवल्याचा आवाज, मग कुत्री, मग फोन मेला.

दुपारभर आम्हाला काही कळलं नाही. घाटात झाड पडलेलं, टॉवर बंद. रूपालीनं मधे फोन करून सांगितलं, काका, गिनती इथं सांगलीतच चालवू, आणि रोज फक्त नव्या आलेल्यांची. साताऱ्यातून सगळ्या साठवणीतनं फिरायचं नाही. नानासो म्हणाले, ते उद्या बोलू. चहा आला तो त्यांनी घेतला नाही. मी त्यांना बरं वाटेल असं काही म्हणायला गेले आणि त्यांनी हात वर करून थांबवलं. मला असं कुणी थांबवत नाही. थांबले.

संध्याकाळच्या सुमाराला अनोळखी नंबरवरून फोन आला. शाळेतल्या कुणा मास्तराचा, पण बोलणारी अंबूबाई.

"समदी हाईत," ती म्हणाली. "म्हशी बी हाईत. वरची वळ गेली. समदी. माजं घर बी गेलं, चुलीसकट."

मी "देवाची कृपा" असलं काही म्हणणार नव्हते, म्हटलंही नाही. पुनर्वसन, जागा, मोर्चा, निवेदन, सगळी भाषणं माझ्या तोंडात तयार होती. तिनं मला तोंड उघडू दिलं नाही.

"डोंगुर दावला तुमी, बरं क्येलं. आता ऱ्हायाचं कुटं, त्येचा फोटू हाय का तुमच्याकडं?"

उत्तर नानासोंनी दिलं.

"न्हाई आक्का. त्यो न्हाई."